समुपदेशकाला आपलं घर समजलं पाहिजे

'काउन्सेलिंग' हा शब्द आपल्या वस्तीत तीन वाटांनी आला. पहिली वाट अॅडमिशनच्या फेऱ्यांची. दुसरी पोलीस ठाण्याची आणि कौटुंबिक न्यायालयाची: नवरा-बायकोचं भांडण तिथं गेलं की एक मॅडम दोघांना समोर बसवून बोलतात. तिसरी दवाखान्यातली, एचआयव्हीच्या तपासणीआधी आणि नंतर समजावून सांगतात ती. त्यामुळे कोणी 'काउन्सेलिंगला जा' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता एकतर 'जुळवून घ्या' असं सांगणार, नाहीतर लपवण्यासारखा काहीतरी आजार निघणार.

मनाच्या त्रासासाठीचं समुपदेशन याहून वेगळं असतं. समुपदेशक औषध देत नाही. औषध देतात ते मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. समुपदेशक माणसाला बोलतं करतो, ऐकतो, आणि त्रास कशाने वाढतो, कशाने हलका होतो हे त्याच्या सोबत बसून शोधतो. हे एका बैठकीत होत नाही. अर्ध्या-पाऊण तासाच्या पाच-सहा तरी बैठका लागतात, कधी जास्त. काही त्रासांत औषध आणि समुपदेशन दोन्ही लागतं.

अडचण अशी की आपली माणसं पहिल्या बैठकीला कशीबशी जातात आणि दुसरीला जात नाहीत. रोजंदारी बुडते, रिक्षाचं भाडं लागतं, हे खरंच आहे. पण खोदून विचारलं तर दुसरं उत्तर येतं: 'त्यांना आपलं काही कळतच नाही.' समुपदेशक वेगळ्या जातीचा, वेगळ्या धर्माचा, वेगळ्या आर्थिक थरातला असतो. आपण भीमनगर, मिलिंदनगर किंवा उस्मानपुऱ्याच्या एका खोलीतून आलेले असतो. मधलं अंतर कसं ओलांडायचं, त्यातलं समुपदेशकाचं काम किती आणि आपलं किती, याबद्दल हा लेख आहे.

साधं उदाहरण घ्या. झोप उडालेली, सारखी रडणारी एक बाई समुपदेशकासमोर बसते. समोरची व्यक्ती भल्या मनाने म्हणते, 'सकाळी देवापुढे दिवा लावत जा, कुलदैवताला एकदा जाऊन या, मन शांत होईल.' या बाईच्या घरात 1956 नंतर देव्हारा नाही. तिथं तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे, संध्याकाळी त्रिशरण-पंचशील होतं. ती काही बोलत नाही, मान हलवते. मनात मात्र ठरवते की पुन्हा यायचं नाही. समुपदेशकाने अपमान करायचा म्हणून हे म्हटलेलं नसतं. सगळी घरं आपल्या घरासारखीच, असं त्याने धरून चालवलेलं असतं. या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक ही आहे, आणि तिच्यावरचा उपाय एका प्रश्नाचा आहे: 'तुमच्या घरी मन शांत करायला काय करता?' हा प्रश्न आला असता तर ती म्हणाली असती, बुद्धवंदना म्हणते, वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला जाऊन बसते, पण या वर्षी तिथंही जावंसं वाटत नाही. वाचनाला जाणं बंद कधीपासून झालं, हे विचारलं की आजार कधी सुरू झाला ते कळतं. कुलदैवताच्या सल्ल्यात हा धागाच हातातून सुटला.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्याकडे कोणी 'मला नैराश्य आलंय' म्हणत नाही. म्हणतात, 'टेन्शन आलंय', 'डोकं आऊट झालंय', 'लई विचार येतात', 'काळीज धडधडतं', 'अंगातून वाफा निघतात', 'कशातच मन लागत नाही'. ही अंगाची दुखणी वाटतात म्हणून माणूस आधी साध्या डॉक्टरकडे जातो, सलाईन लावून घेतो, ईसीजी काढतो, रक्त तपासतो. सगळं नॉर्मल येतं. घरचे म्हणतात, नाटक करते. पण ही आपली मनाच्या त्रासाची भाषाच आहे, आणि ती समजून घेणं हे समुपदेशकाचं काम आहे.

हे ओळखून केलेलं काम आपल्याच राज्यात झालं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेला हा भाग. कार्यक्रमाच्या नावात मनोविकार हा शब्दच नव्हता, 'ताण आणि आरोग्य' होतं. गावातल्याच माणसांना शिकवून त्यांच्याकडून घरोघरी बोलणी केली, प्राथमिक समुपदेशन केलं, गरज पडली तिथे डॉक्टरांकडे पाठवलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्या 100 माणसांपैकी जेमतेम 4 जण कुठली तरी मदत घेत होते. दीड वर्षाने हे प्रमाण 27 वर गेलं. माणसं तीच, गरिबीही तीच. ओळखीचा माणूस ओळखीच्या शब्दांत बोलायला आला, हा मोठा फरक होता.

आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेची गोष्टही सांगण्यासारखी आहे. तिथल्या शोना भाषेत मनाच्या या त्रासाला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. अर्थ, फार विचार करणं. आपल्या 'लई विचार येतात'चा सख्खा भाऊच. डॉ. डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने 2006 च्या सुमाराला हरारे शहरातल्या म्बारे या गरीब वस्तीत 14 आज्यांना शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवलं. आधी त्या बाकाला मानसिक आरोग्याचं नाव दिलं होतं, तर कोणी फिरकेना. आज्याच म्हणाल्या, मैत्रीचा बाक म्हणा. मग लोक येऊन बसू लागले. 2016 साली या कामाची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली, आणि आज्यांशी बोललेल्या माणसांचा त्रास सहा महिन्यांनंतर इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळला. आपल्या विहारांच्या ओट्यावर रोज संध्याकाळी किती आज्या बसतात, ते आठवून पाहा.

आता जातीबद्दल, कारण खरी अडचण तिथे आहे.

कॉलेजातला मुलगा सांगतो की वसतिगृहात टोमणे मारतात, प्रॅक्टिकलच्या गटात घेत नाहीत, स्कॉलरशिपवरून बोलतात. वाळूजच्या कंपनीतला तरुण सांगतो की आडनाव कळल्यापासून सुपरवायझरची वागणूक बदलली. समोरून उत्तर येतं, 'आजकाल कोण जात बघतं? तुमच्या मनाचा समज असेल. मनावर घेऊ नका.' ज्याला जातीचा चटका कधी बसलेला नाही त्याला हे प्रामाणिकपणे असंच वाटू शकतं. पण ऐकणाऱ्यावर दुहेरी घाव बसतो: आधी तो प्रकार, आणि मग तो घडलाच नाही असं सांगणारा जाणता माणूस.

अशा घावांचं वय किती असतं ते बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात 1901 सालचा प्रसंग आहे. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली मुलं मसूर स्टेशनवर उतरली, जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडं देऊन मुलांनी स्वतः बैलगाडी हाकली, आणि रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेब तेव्हा नऊ वर्षांचे होते. हे लिहिलं तेव्हा परदेशी पदव्या, बॅरिस्टरी, गोलमेज परिषदा सगळं होऊन गेलं होतं, तरी तो दिवस मनातून गेला नव्हता. त्याच लेखनात आपल्या शेजारच्या दौलताबाद किल्ल्याचा 1934 सालचा प्रसंगही आहे. हौदावर हातपाय धुतले म्हणून पाणी बाटवल्याचा गलका झाला, आणि पुढे किल्ला पाहताना पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत पहारेकरी दिला गेला. एवढ्या कणखर मनाच्या माणसाला जे विसरता आलं नाही, ते एकोणीस वर्षांच्या पोराने 'मनावर घेऊ नये' म्हणणं सोपं आहे.

चांगला समुपदेशक इथे तीन गोष्टी वेगळ्या करतो. काय घडलं ते नीट ऐकतो आणि त्यावर विश्वास ठेवतो. त्यामुळे मनात काय चाललंय ते पाहतो: झोप गेली का, जेवण सुटलं का, 'माझ्यातच काही कमी आहे' असं वाटायला लागलं का. यावर उपचार होतात आणि त्यांचा उपयोगही होतो. आणि तिसरं, बाहेर काय करता येईल याची वाट दाखवतो: महाविद्यालयातला तक्रार कक्ष, 1989 चा अॅट्रॉसिटी कायदा, वकील, संघटना. तो खटला लढत नाही, पण अन्याय हा तुझा आजार आहे असंही म्हणत नाही. रोहित वेमुला 17 जानेवारी 2016 ला हैदराबादच्या विद्यापीठात गेला, आणि जळगावच्या आदिवासी कुटुंबातली डॉ. पायल तडवी मे 2019 मध्ये मुंबईत गेली. दोघांच्या आयांनी 2019 मध्ये मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्यांची मागणी होती की उच्च शिक्षणातला जातिभेद रोखणारे नियम खरोखर अमलात यावेत. मन घट्ट करायला शिकवणं आणि नियम पाळायला लावणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे त्या माउलींना कोणी शिकवावं लागलं नाही.

एक गोष्ट आपणही मान्य केली पाहिजे. नैराश्यात माणसाला सगळं जग आपल्याविरुद्ध आहे असं वाटू शकतं, आणि प्रत्येक टोमणा जातीचाच असतो असंही नाही. समुपदेशक खोलात जाऊन प्रश्न विचारतो म्हणून लगेच तो जातीयवादी ठरत नाही. ऐकून घेऊन विचारणं आणि ऐकायच्या आधीच झटकून टाकणं यातला फरक समोर बसलेल्याला बरोबर कळतो.

आता आपल्या बाजूला काय लपवलं जातं तेही बघू. बऱ्याच घरांत अजून आजीच्या, सुनेच्या अंगात येतं. घर बौद्ध आहे, 22 प्रतिज्ञा भिंतीवर आहेत, म्हणून ही गोष्ट बाहेर सांगायची लाज दुप्पट असते. मग समुपदेशकाला 'चक्कर येते' एवढंच सांगितलं जातं आणि गुपचूप कुठल्या तरी बुवाकडे नेलं जातं. अंगात येणं हा बहुतेक वेळा दाबलेल्या त्रासाचा बाहेर पडायचा मार्ग असतो. जिला घरात एरवी बोलायची मुभा नाही, तिचं त्या वेळी सगळे ऐकतात. त्याला हसणं उपयोगाचं नाही आणि 'बौद्ध असून असं करते' म्हणून तिला फटकारणंही नाही. समुपदेशकाला खरं सांगा. चांगला समुपदेशक विचारेल की असं कधी कधी होतं, त्याच्या आदल्या दिवशी घरात काय झालं होतं. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, चटके देणं, उपाशी ठेवणं हा मात्र महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

दारूचंही तसंच. पंचशीलातलं पाचवं शील सगळ्यांना पाठ आहे, म्हणून पिणारा माणूस विहारात तोंड दाखवत नाही आणि समुपदेशकापुढे 'कधीतरी घेतो' म्हणतो. ज्याला हे शील माहीत आहे असा समुपदेशक त्याच शिलाचा आधार देऊ शकतो. ज्याला माहीत नाही त्याला आपणच सांगावं लागेल की या घरात दारू सोडणं हा तब्येतीचा प्रश्न आहेच, शब्द पाळण्याचाही आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात बंद करून घरीच बसू नये. हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं, त्यामुळे दारू सोडणं डॉक्टरांच्या देखरेखीखाली हवं.

विपश्यनेबद्दल थोडं. आपल्या घरांत मनाच्या कुठल्याही तक्रारीवर 'दहा दिवसांचं शिबिर कर' असं सांगितलं जातं. साध्या ताणात त्याचा अनेकांना फायदा होतो. पण कानात आवाज येणं, टोकाचा संशय, खोल नैराश्य असे गंभीर मानसिक आजार असतील तर शिबिर करू नये, असं विपश्यना केंद्रं स्वतःच सांगतात. अर्जात आजार आणि औषधं लपवू नका, आणि शिबिरासाठी गोळ्या मनाने बंद करू नका.

मग आपल्याच समाजाचा समुपदेशक शोधावा का? काहींना त्याने फार मोकळं वाटतं. नामांतराच्या काळात, 1978 मध्ये, मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्यांवर काय गुदरलं आणि 14 जानेवारी 1994 चा नामविस्तार घराघरात का आठवला जातो, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. दिव्या कंदुकुरी यांनी सुरू केलेला 'द ब्लू डॉन' हा गट बहुजनांना जातीची जाण असलेली मानसिक मदत मिळावी म्हणूनच काम करतो. पण याला दुसरी बाजू आहे. वस्तीत सगळे एकमेकांचे पाहुणे असतात. समुपदेशक मावशीच्या सासरचा निघाला तर बाई नवऱ्याबद्दल बोलेल का? अनेकजणी उलट मुद्दाम परका माणूस पसंत करतात, गल्लीत चर्चा होणार नाही म्हणून. दोन्ही बरोबर आहे. समुपदेशक आपला असणं ही अट नाही. त्याला विचारता येणं आणि ऐकता येणं ही अट आहे.

आणि हे आपल्या मुलांनाही लागू आहे. आज वस्त्यांमधली कितीतरी मुलं-मुली मानसशास्त्रात एम.ए. करतात, एमएसडब्ल्यू करतात. उद्या त्यांच्यासमोर मुस्लिम बाई बसेल, तांड्यावरचा बंजारा तरुण बसेल, मराठा शेतकरी बसेल. आपण सोसलं आहे म्हणून दुसऱ्याचं घर आपोआप कळतं असं नाही. मुस्लिम बाईला 'हे धर्माचं सगळं सोडून द्या, मोकळ्या व्हाल' असं आपल्या कार्यकर्त्याने सांगणं, आणि आपल्या बाईला कुलदैवताला जायला सांगणं, या दोन्हींत फारसा फरक नाही. तिची नमाज तिला आधार देते की घरचे तिच्यावर दडपण आणतात, हे तिनेच सांगायचं असतं. या शहरात दखनी बोलणाऱ्या बाईशी तिच्या बोलीत दोन वाक्यं बोलता आली, तरी अर्धं काम होतं.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूने आहे, तो माहीत असू द्या. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 18 नुसार उपचार देताना धर्म, संस्कृती, जात, वर्ग, लिंग, सामाजिक किंवा राजकीय मतं यांवरून भेदभाव करता येत नाही. कलम 3 सांगतं की कोणाची सामाजिक स्थिती किंवा तो कोणत्या समाजाचा आहे यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कलम 22 प्रमाणे आजार आणि उपचारांची माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. कलम 23 गुप्ततेचं आहे. सेवेत कमतरता वाटली तर कलम 28 प्रमाणे आधी तिथल्या प्रमुख डॉक्टरांकडे आणि समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करता येते.

आता प्रत्यक्ष जाताना काय करायचं. घाटीत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. केस पेपर काढताना 'मानसोपचार' सांगायला लाजू नका. जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. सोबत एक माणूस असावा, पण आत थोडा वेळ एकट्याने बोलायला मिळावं असं सांगा, विशेषतः सुनांनी आणि मुलींनी. सुरुवातीलाच आपलं घर सांगून टाका: आम्ही बौद्ध आहोत, घरात एवढी माणसं, एका खोलीत राहतो, कमावणारा कोण, आधार कोणाचा वाटतो, कशाने जीव दुखावला. दिलेला सल्ला जमणारा नसेल तर तिथेच बोला. 'रोज अर्धा तास शांत खोलीत बसा' असं सांगितलं तर 'साहेब, खोली एकच आहे' म्हणायला हरकत नाही. त्यावर समुपदेशक वेगळा उपाय काढेल, गच्ची सुचवेल, विहार सुचवेल, सकाळची वेळ सुचवेल. जात विचारली तर 'कशासाठी विचारता?' असं शांतपणे विचारता येतं. उपचारासाठी विचारलं असेल तर कारण लगेच मिळेल.

दोन-तीन बैठकांनंतरही आपलं ऐकलं जात नाही असं वाटलं, तर समुपदेशक बदलून मागा. उपचार सोडू नका, आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या समुपदेशकावरच्या रागाने बंद करू नका.

जाणं जमत नसेल तर 14416 हा 'टेली मानस'चा सरकारी नंबर आहे. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरातलं कोणी मरणाची भाषा बोलत असेल, निरोप घेतल्यासारखं वागत असेल, तीन-चार रात्री डोळ्याला डोळा नसेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर समुपदेशकाच्या तारखेची वाट पाहू नका. त्याला एकटं सोडू नका, 'असा विचार येतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने विचार वाढत नाही. फवारणीचं औषध, उरलेल्या गोळ्या त्याच्या हातापासून दूर ठेवा, आणि रात्र असली तरी घाटीच्या अपघात विभागात घेऊन जा. गाडी नसेल तर 108 ला फोन करा.